इतर, नियमित

भाऊसिंग : दालमिलचा पगार अठरा हजार, वहिनीची शिलाई सात. झाले पंचवीस. बँकेले लागते तेहतीस. अन् आठ हजार तुमी दोघंबी आपल्याच कर्ज-एजंटापासून लपवून राह्यले.

प्रसेनजित : कोनते आठ?

भाऊसिंग : हे पाहा तुमच्या दोघाईच्या खात्याचं पासबुक. दर पाच तारखेले रोख जमा. अडीच वर्सात एक म्हयना खाडा नाही. असं उत्पन्न घरकर्जाच्या फॉर्मात लिहाचं सोडून कोनी लपवते का, दादा?

प्रसेनजित : थे सरिताचे हायत. वाटलं, माहेरून येत असन. इचारलं तं तिले वाईट वाटन.

सरिता : माह्ये? अवं, मले वाटलं तुमी भरता, ओव्हरटायमाचे! म्हून तं मी चूप होती.

भाऊसिंग : धन्य जोडपं. थांबा, पैसा कोनाचा थे बँक इचारतेच, म्हून मी शाखेतून स्लिपा काढून आणल्या. भरणाऱ्याचं नाव... पंजाबराव.

(प्रसेनजित स्लिप ओढून घेतो, नाव पुन्हा वाचतो.)

सरिता : भाऊसिंगभाऊ, थे माह्ये सासरे. त्याईले जाऊन अडीच वर्सं झाले.

भाऊसिंग : जाऊन म्हंजे, पुण्याले?

प्रसेनजित : मसनात.

भाऊसिंग : हं. फॉर्मात तसा रकाना नाही. नोकरी, धंदा, शेती, भाडं... अन् हे ‘इतर, नियमित’. बसते यात. बँक मानूस जिता हाय का मेला, थे नाही पाहात दादा. नियमितपणा पाहाते. जित्या लोकाईचे पासबुकं पाहासान तं रडू येईन.

प्रसेनजित : लिहा मंग. सोमवारी बयाना बुडते.

सरिता : नका लिहू.

प्रसेनजित : अवं, घर हातचं जाईन! रिसोडात तीन खोल्या या भावात कोन देते?

सरिता : एकडाव लिहिलं का वीस वर्सं हप्ता. मंग त्याईनं वीस वर्सं दर पाच तारखेले यावं? गुडघ्याईनं चार पायऱ्या चढवत नोत्या त्याईच्यानं. मेल्यावर तरी मानसाले रिकामं होऊ द्या. बुडाला बयाना तं बुडाला. दोन खोल्याचं पाहू.

प्रसेनजित : ...पंचवीसच लिहा, भाऊ.

भाऊसिंग : वहिनी, त्याईचा फोटो हाय?

सरिता : हा मोबाईलात. पाहा.

भाऊसिंग : डोक्याले रुमाल. बरोबर. डाव्या कानावर मोठी चामखीळ.

प्रसेनजित : फोटोत डावा कान दिसतच नाही, भाऊ.

भाऊसिंग : काल दुपारी माह्या या हापिसात आले होते, याच खुर्चीत. म्या म्हटलं, असन कोनी गिऱ्हाईक. तुमचीच फाईल पाहू लागले. इचारलं, हप्ता किती वर्सं?

सरिता : तुमी काय सांगतलं?

भाऊसिंग : वीस.

प्रसेनजित : मंग?

भाऊसिंग : बोटावर मोजलं त्याईनं. दोनदा. मंग म्हणे, जमते.