अनसूयम्माची अट

लचुम्मा : खालीच बसलाय, गाडीवर! आईला एकटीला तीन जिने चढवले आणि आपण फोन कुरवाळतोय. माझ्याच पोटचा, काय बोलू!

अनसूयम्मा : येतील हो, अक्का. तोवर खोली बघा. एक बेडरूम, पुढे बैठक, न्हाणी आतच. पाणी दिवसाआड. भाडं सात हजार.

लचुम्मा : सातात? मलकाजगिरीत नवाच्या खाली कुणी दार उघडलं नाही मला. ह्यांच्या खाणीच्या पेन्शनीत बसतंय. घेतली.

अनसूयम्मा : मुलाकडे का नाही राहत?

लचुम्मा : एक बेडरूम, चार माणसं. दोन वर्षं बाल्कनीत झोपतेय, कुंडीसारखी. कुंडीला निदान कुणी पाणी घालतं.

अनसूयम्मा : एक अट आहे. राग मानू नका. जड आजारी पडलात तर मुलानं घेऊन जायचं. आणि काही बरंवाईट झालं, तर... इथं परत आणायचं नाही. शेजारच्या घरात म्हातारा भाडेकरू गेला. प्रेत दारात ठेवलं, तर घर वर्षभर रिकामं पडलं. कुणी घेईना.

लचुम्मा : म्हणजे भाडं इथं भरायचं आणि मरायला बाहेर जायचं.

अनसूयम्मा : सगळ्या गल्लीत हेच आहे, अक्का. कुठं नेणार, ते मुलानं लिहून द्यायचं.

लचुम्मा : यादगिरी! ये वर! अजून चालतेय मी, उचलावी लागणार नाही!

(यादगिरी धापा टाकत येतो.)

अनसूयम्मा : इथं सही करा. खाली तुमच्या घराचा पत्ता.

यादगिरी : माझा... माझा नको.

अनसूयम्मा : मग नेणार कुठं?

यादगिरी : आमच्या घरमालकानं पण हेच लिहून घेतलंय. अम्मा राहायला आली तेव्हाच.

लचुम्मा : आणि मला बोलला नाहीस?

यादगिरी : कसं बोलणार, अम्मा? कुठल्या तोंडानं? गावचं घर असतं तर...

लचुम्मा : ते मी विकलं, तुझ्या बहिणीच्या लग्नाला. तो विषय काढू नको.

अनसूयम्मा : कागदावर काहीतरी हवं हो.

लचुम्मा : सरकारी दवाखाना लिही. तिथं घरमालक नसतो.

यादगिरी : अम्मा, असं नको ना.

लचुम्मा : लिही. मला वाचता येत नाही, पण खाडाखोड दिसते.

अनसूयम्मा : झालं. ही किल्ली, अक्का.

लचुम्मा : आण. यादगिरी, इकडे बघ. दोन वर्षं नजर चुकवत होतास, मला वाटलं सुनेनंच शिकवलंय, तिला शिव्या दिल्या. तू वाईट नाहीस, बिड्डा, लेकरा माझ्या. भित्रा आहेस. रविवारी येत जा. मी जिवंत आहे तोवर यायला कुणाला विचारावं लागत नाही.