कोलमवरच्या चार रेघा

चार! दोन नाही हो, चार! मी स्वतः मोजल्या, चष्मा लावून मोजल्या, पदर खोचून खाली बसून मोजल्या... तुम्हाला सांगते, पहाटे उठायचं, दारात सडा घालायचा, कंबर मोडेस्तोवर वाकून तांदळाच्या पिठाचं कोलम घालायचं. तुम्ही रांगोळी म्हणता, आम्ही तंजावूरवाले कोलम म्हणतो, वाकायचं दोघींनाही तेवढंच! आणि त्यावरून आमची नवी गाडी गेली की काय व्हायचं? पुढची चाकं एका वाटेनं, मागची चाकं चार बोटं सरकून दुसऱ्या वाटेनं! भांडून देवळाला निघालेल्या नवरा-बायकोसारखी! नवी म्हणजे आमच्या घरी नवी. होती जुनीच. पण साधीसुधी जुनी नाही हं... ‘डॉक्टरांची गाडी, मामी!’

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई कोलमसाठी रडते.

आमच्या घरचे. हनुमंतराव. घेतलं नाव! उखाणा न घालता घेतलं, एवढं सोसल्यावर उखाणा सुचतो कुणाला? तर हनुमंतराव जमीनमोजणी खात्यात होते. कावेरीच्या काठची शेतं यांनी साखळ्या ओढून ओढून मोजली. कुणाचा बांध वीतभर सरकला की यांच्या पोटात दुखायला लागायचं. आता निवृत्त झाले, शेतं संपली, पण टेप कुठं संपते? घरात मोजतात! डोसा मोजलाय हो या माणसानं! मी तव्यापाशी घामाघूम आणि हे म्हणतात, “कनका, आजचा डोसा पूर्वेकडं जरा लांबलाय.” पूर्वेकडं! डोशाला पूर्व असते?

आणि असला माणूस गाडी घेताना फसला. का फसला? पोरीपायी फसला. आमची हरिता, एकुलती एक, पापनाशमच्या शाळेत शिकवते. रोज मोपेडवर जायची. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला भाताच्या लॉऱ्या, आणि मधून आपले टाऊन बसवाले, त्यांना तर रस्ता सासऱ्यानं आंदण दिलेला! एक दिवस बसनं असा कट मारला की पोरगी मोपेडसकट चिखलात. कोपर सोललं. घरी हसत आली, “अम्मा, मी नांगरणी करून आले म्हणून सांग सगळ्यांना!” मी हसले. हे हसले नाहीत. पानावरून उठले. मोर, म्हणजे तुमचं ताक, घातलेला भात तसाच टाकून उठले, आणि मोरभात टाकून उठणारा माणूस आमच्या कुळात आजवर झाला नाही. म्हणाले, “हिला आता दोन चाकांवर पाठवणार नाही.”

झालं! राजगोपाल आला. राजगोपाल म्हणजे जुन्या गाड्यांचा दलाल. कपाळाला विभूती, मनगटावर सोन्यासारखं घड्याळ, आणि बोलणं असं की लोण्यानं लाजावं. “सार! डॉक्टर वंडी, सार! सिंगल ओनर! एक ओरखडा नाही! मामी, तुम्ही बघा, डॉक्टरांची गाडी, मामी!” यांनी त्याला साधं सांगितलं हो, हात जोडल्यासारखं सांगितलं, “मुलीसाठी पाहिजे. टू-व्हीलरवर जाते. भीती वाटते.” राजगोपालचे डोळे पाणावले! खरंच पाणावले! “सार, माझी पण मुलगी आहे, सार. ही गाडी म्हणजे आईची मांडी!”

आता हे काय करणार? टेप काढली. लांबी मोजली, रुंदी मोजली, डिकी मोजली, तांदळाचं पोतं आडवं मावतं का उभं ते मोजलं. मग कुतूहल! “डॉक्टर कसले?” “हाडांचे, सार!” “तंजावूरचेच?” “तिरुचीचे, सार!” “मग विकली का?” “मोठी घेतली, सार!” रंग बघा तर नवरीसारखा, आत वास बघा तर चंदनाचा. घेतली. पूजा केली, चाकांखाली लिंबं ठेवली, भोपळा फोडला, दृष्ट काढली. दृष्ट कसली काढता? ती गाडी आधीच दृष्ट लागून, हातपाय मोडून, बरी होऊन आलेली होती! पण तेव्हा आम्हाला काय ठाऊक? आम्हाला ठाऊक एवढंच... ‘डॉक्टरांची गाडी, मामी!’

हरिता जायला लागली. मी रोज कोलम घालायची, गाडी रोज त्यावरून सरळ बाहेर पडायची, आणि रोज माझ्या कमळाच्या चिंध्या! शेवटी मी म्हटलं, “अहो, ही गाडी आहे का बैलजोडी? सगळं कोलम पुसते!” हे पेपरातून वर बघेनात. “अग, चार चाकं, चार रेघा. हिशेब बरोबर आहे.”

मी म्हटलं, “समोरच्या महालक्ष्मीच्या गाडीला काय तीन चाकं आहेत? तिच्या कोलमवर रोज दोनच रेघा असतात!”

पेपर खाली आला.

तुम्हाला सांगते, मी या माणसाबरोबर एवढा संसार केला, पण माझ्या बोलण्यावर पेपर खाली आलेला तेव्हा पहिल्यांदा बघितला! उठले, टेप घेतली, अनवाणी बाहेर. “मागचं चाक पुढच्याच्या वाटेनंच गेलं पाहिजे... सरळ जाताना गेलंच पाहिजे... कनका, पुन्हा कोलम घाल.” मी म्हटलं, “दिवसातून दोनदा कोलम कोण घालतं?” “घाल ग!” घातलं. गाडी नेली. चार रेघा. “पुन्हा घाल.” घातलं. चार! डब्यातलं पीठ संपलं, इडलीचं पीठ घेतलं, ते संपलं तर मैदा! आमच्या गल्लीतली माणसं जमली, कुणाला वाटलं घरात लग्न निघालं. मग हे महालक्ष्मीच्या दारात! तिच्या कोलमपाशी उकिडवे बसून टेप लावतात, आणि ती आतून, “मामा, काय हरवलं?” हे म्हणतात, “रेघा! तुझ्या दोनच का?” बिचारी, तिनं मला फोन केला, “मामी, मामांना उन्हात सोडू नका.”

पण यांना एकदा किडा चावला की चावला. आता प्रश्न सुचायला लागले. गाडी सरळ न्यायची तर हरिताला स्टिअरिंग जरासं डावीकडं धरावं लागायचं, ती म्हणायची, “अप्पा, रस्ताच तिरका आहे.” सगळे रस्ते तिरके? तंजावूर ते पापनाशम? मग हे महालक्ष्मीच्या गाडीत जाऊन बसले, किल्ली फिरवली, तर समोर एक लाल दिवा लागला आणि विझला. माणसाच्या पोटासमोर फुगा, असं चित्र. आमच्या गाडीत किल्ली फिरवली. दिवाच नाही! पुन्हा फिरवली. नाहीच! राजगोपालला फोन. तो म्हणतो, “सार! तो दिवा लागला तर प्रॉब्लेम! तुमचा लागतच नाही म्हणजे बघा किती हेल्दी वंडी! डॉक्टरांची गाडी, सार!” हे म्हणाले, “राजगोपाल, जो दिवा कधी लागतच नाही, तो बिघाड सांगणार कसा?” तर पलीकडून, “हॅलो... हॅलो, सार... टॉवर नाही...” 

मग आमच्या फ्रिजवरचं वांगं गेलं. खायचं नाही हो, लोहचुंबकाचं वांगं, त्याखाली मी दुधवाल्याचा नंबर लावते. ते घेऊन हे गाडीभर फिरले, डॉक्टर नळी लावतात तसं. दार... टक्, चिकटलं. छप्पर... टक्. उजवी बाजू... टक्. डावीकडं पुढं आले आणि वांगं पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. “कनका, इथं पत्रा नाही. इथं लांबी भरलीय.” मी म्हटलं, “म्हणजे?” म्हणाले, “म्हणजे तू पुरणपोळी फाटल्यावर कणकेनं बुजवतेस, तसं.” माझी पोळी फाटत नाही, पण ती वेळ भांडायची नव्हती.

गाडी वर्कशॉपला नेली. मीही गेले, मला घरी बसवेना. त्यांनी गाडी वर उचलली आणि खाली दिवा धरला. तुम्हाला सांगते, वरून नवरी, आणि खालून... पावम, बिचारी, बघवेना! डावीकडून जबर आदळलेली, पुढचा भाग मुडपलेला, तो ओढून ताणून सरळ केलेला, दाराजवळचा खांब कापून जोडलेला, आणि मागचा आख सरकला तो सरकलाच. तो माणूस म्हणाला, “सार, चालायला चालते. पण पुन्हा आपटली तर अप्पळम, पापडासारखा चुरा. ताकद सगळी गेलीय.” हाडांच्या डॉक्टरची म्हणाला होता ना राजगोपाल? खोटं कुठं बोलला? सगळी हाडं मोडून बसवलेली!

आणि मग त्यानं स्टिअरिंगचं मधलं झाकण काढलं. जिथं तो फुगा असायचा ना, एअरबॅग, आपटलं की फुगून माणसाला झेलणारी... तिथं काय होतं? सांगा बघू? लुंगी! निळ्या चौकड्यांची लुंगी! छान घडी घातलेली! धुतलेली!

मी तिथंच एका टायरवर बसले. इतके दिवस माझी पोर त्या लॉऱ्यांमधून जात होती, आणि मी घरी निवांत भाजी चिरत होते, का तर पोरीला गाडी आहे! आणि छातीसमोर काय? कुणाची तरी लुंगी! मला रडू फुटलं, आणि हे? हे लुंगी हातात घेऊन उलटसुलट बघतात आणि विचारतात, “पण लुंगीच का? टॉवेल का नाही?” मी असं बघितलं यांच्याकडं... तेव्हा कळलं. या माणसाला भीती वाटली की तो प्रश्न विचारतो. तसाच आहे तो.

राजगोपालला बोलावलं. आला की! हसत आला! सगळं दाखवलं, कोलम, वांगं, लुंगी. लाज वाटावी? म्हणतो, “सार, गाडी परत नाही घेता येणार. पण काळजी कशाला? मी दुसरी पार्टी आणतो. आता तर भाव वाढेल! आधी डॉक्टर वंडी, आता गव्हर्मेंट ऑफिसर वंडी!” म्हणजे आम्ही फसलो ते तिच्या खानदानात जमा!

दुसऱ्या दिवशी पार्टी हजर. पापनाशमकडचे एक साधे गृहस्थ, पांढरी वेष्टी नेसलेले, हातात पिशवी. हे काही लपवणारे नाहीत. “ही गाडी घेऊ नका,” पहिलं वाक्य! मग वांगं पाडून दाखवलं, लुंगी झटकून दाखवली. मैदा संपला होता म्हणून, नाहीतर कोलमही घालायला लावलं असतं! आणि त्या गृहस्थांनी काय करावं? राजगोपालला बाजूला घेऊन कुजबुजले, ते मला खिडकीत ऐकू आलं, “मालक एवढं नको नको म्हणतोय, म्हणजे गाडी सोन्यासारखी असणार!” आणि किंमत वाढवून सांगितली! आता बोला! खोटं बोलणाऱ्यावर विश्वास, आणि खरं बोलणारा लबाड!

यांनी लुंगीची पुन्हा घडी घातली. मग एवढंच विचारलं, “कुणासाठी घेता?”

ते म्हणाले, “मुलीसाठी. टू-व्हीलरवर जाते. भीती वाटते.”

शब्द न् शब्द तोच! राजगोपालचे डोळे पाणावले बघा पुन्हा! आणि हे खाली बसले, आणि एकेका चाकाची हवा सोडली. फुस्स... फुस्स... चारही. राजगोपाल ओरडतोय, “सार! सार! काय करता सार, डॉक्टरांची गाडी!” मी आतून आले आणि म्हटलं, “मग तिला आता आराम सांगितलाय म्हणून समज!”

ते गृहस्थ गेले. रागावूनच गेले. जाऊ देत. त्यांची पोर मोपेडवर असेल, नाहीतर बसमध्ये असेल, पण त्या लुंगीमागं नसेल.

आता हरिता बसनं जाते, उभी राहून जाते, कुरकुरते. गाडी दारात. बॉनेटवर मी वडाम, तुमच्या कुरडयांसारखे, वाळत घालते, ऊन छान लागतं, ते एक मात्र डॉक्टरांच्या गाडीला मानलं. कोलमवर रेघ नाही, कमळ संध्याकाळपर्यंत शाबूत. आणि हे? हे रोज चार वाजता कॉफीचा डवरा घेऊन त्या गाडीत जाऊन बसतात, पेपर वाचतात. हवा नसलेल्या चार चाकांवर! एवढंही मी चालवून घेतलं असतं, पण काल बघते तर काय, सीटबेल्ट लावून बसलेत! मी म्हटलं, “अहो, उभ्या गाडीत बेल्ट कशाला?”

तर पेपर खाली न घेता म्हणतात, “अग, एअरबॅग नाही ना!”