मामांची मिरची धरली

तुझ्या मिरचीची फुलं गळतात म्हणालास, म्हणून आमच्या अंथुर्ण्याच्या मामांचं सांगतो. कॅन्सरमुळं त्यांच्या जिभेचं मोठं ऑपरेशन झालं होतं. चव परत येईल का, हे डॉक्टरांनी नक्की सांगितलं नव्हतं. मामा म्हणायचे, "बाजारच्या मिरचीत दमच न्हाय. घरचीच लावतो."

दारात डब्यांतून रोपं लावली. फुलं यायची नि गळायची. मामा दिवसभर पाणी घालत बसायचे. मी म्हणालो, "मामा, माती सुकल्याबिगर पाणी घालू नका. दुपारी डबे सावलीत ठेवा. सकाळी फुलांना हळूच टिचकी मारा, पराग झडला की फळ धरतं."

त्यांनी तसंच केलं. काही दिवसांनी फोनवर अडखळत म्हणाले, "धरली रं मिरची! ये."

गेलो, तर त्यांनी दोन तोडल्या. एक मला दिली, दुसरी स्वतः देठापर्यंत चावून खाल्ली आणि माझ्या तोंडाकडं बघत बसले.

माझे कान तापले, डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मी ओरडलो, "मामी, पाणी आणा!"

मामांना साधा ठसकासुद्धा लागला नव्हता. ते हळूच म्हणाले, "म्हंजी मिरचीत काय खोट न्हाय."