माझ्या खलनायकांचा मूळपुरुष

सन्माननीय अध्यक्ष श्री. मर्टन स्ट्राउडसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, कलाकार संघाचे पदाधिकारी, आणि दिवे लावणाऱ्यांपासून कपडे शिवणाऱ्यांपर्यंत स्टुडिओतल्या माझ्या सर्व सोबत्यांनो,

अध्यक्षांनी माझी तोंडभरून स्तुती केली. ऑरव्हिल हॅस्केटने एकेचाळीस खलनायक रंगवले, पण आयुष्यात एकही शत्रू जोडला नाही, असं ते म्हणाले. पहिला भाग खरा आहे.

इथल्या तरुणांना ठाऊक नसेल, पण नेब्रास्काहून मी आलो तो नायक व्हायला. दोन चित्रपटांत झालोही. तिसऱ्यात नायिका होती आर्डिस, माझी बायको. फेब्रुवारीचे दिवस, डोंगरातली नदी. चार वेळा तिला पाण्यात उतरवलं. पाचव्यांदा उतरवायच्या वेळी तिचे ओठ निळे पडलेले पाहून मी निर्मात्यांकडे गेलो आणि आजचं काम थांबवा म्हणून विनवलं.

ते म्हणाले, "बाहेर शंभर जणी उभ्या आहेत, हॅस्केट. तिला जमत नसेल तर तसं सांग."

आर्डिसने ते ऐकलं. म्हणाली, "जाऊ दे रे. उतरते मी."

न्यूमोनियातून ती वाचली, पण तिची फुप्फुसं कायमची गेली. चित्रीकरण रखडलं, तेव्हा नायिका दारू पिऊन येते, असं वर्तमानपत्रांत छापून आणलं गेलं. ती दारूला शिवतही नव्हती. पुन्हा कुणी तिला काम दिलं नाही. सहा वर्षांनी ती वारली.

ते निर्माते कोण? आज आपले अध्यक्ष आहेत.

मी भांडलो. करारानं बांधलेला होतो, सोडून जाता येईना; शिक्षा झाली: यापुढे फक्त खलनायक. आता खलनायक कसा असतो, हे मला कुठं माहीत? पण शिकायला माणूस समोरच होता. खोटं बोलण्याआधी चष्मा पुसणं. दुसऱ्याला ताटकळत उभं ठेवून सावकाश सफरचंद सोलणं. संतापल्यावर आवाज चढवण्याऐवजी खाली आणणं. हसताय ना? म्हणजे ओळखलंत.

एका चित्रपटाच्या पहिल्या खेळानंतर साहेबांनी माझी पाठ थोपटली. "एवढा नीच माणूस आणलास कुठून?"

मी म्हटलं, "ओळखीतला आहे, साहेब."

तीस वर्षं गावोगावच्या प्रेक्षकांनी आपल्याला शिव्या दिल्या, साहेब, आणि आपण पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यात. त्यानं आर्डिस परत आली का? नाही. पण मी उभा राहू शकलो.

मानचिन्ह अध्यक्षांच्या हस्ते, असं कार्यक्रमपत्रिकेत आहे. त्या हातून मी ते घेणार नाही. आर्डिसची धाकटी बहीण नोरीन पाचव्या रांगेत बसली आहे. ते तिनं द्यावं.

संघाचा आणि आपणा सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर सभागृहानं मोठ्या मनानं पदरात घ्यावं. अध्यक्षांची क्षमा मात्र मी मागत नाही.

नोरीन, ये.