पत्रिका हिंदीतच छापा

छे छे छे, पत्रिका हिंदीतच छापा, माझं ऐका वहिनी, आणि इंग्रजीतच हवी असेल तर तीही छापा, पण तो मजकूर तपासायला म्हणून आत गुड्डनच्या पप्पांकडे नका जाऊ... बसा, इथेच माझ्याजवळ बसा, चहा टाकलाय. तुम्हाला सांगते, अख्ख्या इटाव्यात लोकरीच्या दुकानात बसून इंग्रजी पेपर वाचणारा हा एकच माणूस, आणि तो नेमका माझ्याच वाट्याला यावा? हिंदी पेपरानं यांचं काय घोडं मारलं होतं?

झालं काय, गुड्डनचं दिल्लीला जमलं. सासरा डॉक्टर, सासू कॉलेजात शिकवणारी, त्यांच्याकडे कुत्र्यालासुद्धा 'बस' म्हटलेलं कळत नाही, 'सिट' म्हणावं लागतं! पहिल्या भेटीला गेलो तर ते सगळे इंग्रजीत हसतायत, आणि हे आपले बर्फीची बशी मांडीवर धरून, सगळे हसले की मागाहून हसतायत. परत येताना बसमध्ये म्हणाले, "पोरीच्या सासरी मी जन्मभर मुक्यासारखा बसू का?"

तर औषधाच्या दुकानाच्या वर त्या त्रिपाठी सरांचा क्लास आहे ना, तिथे नाव घातलं. पेपर वाचून भारी इंग्रजी! सगळी परीक्षांना बसणारी पोरं, आणि त्यांच्यात हे मफलर गुंडाळून पहिल्या बाकावर. आणि सर काय शिकवायचे? नाक वर करून म्हणायचे, "डिक्शनरी म्हणजे कुबडी. हात लावायचा नाही. शब्द कोणाच्या संगतीत बसतो ते बघा, अर्थ आपोआप कळतो." झालं! घरातली डिक्शनरी यांनी माळ्यावर टाकली, आणि सकाळी गिऱ्हाईक दारात उभं, तर हे लाल पेन्सिल घेऊन पेपरात डोकं घालून बसलेले. गिऱ्हाईक म्हणतंय, "दीक्षितजी, मरून रंगाची लोकर..." हे म्हणतायत, "थांबा, सरकार कोसळतंय."

घरात तर विचारूच नका. मी विचारावं, गॅस संपत आलाय का हो? यांनी इंग्रजीत काहीतरी लांबलचक बोलावं, मग गुड्डन पोट धरून हसत मला सांगणार, "अम्मा, पप्पा म्हणतायत परिस्थिती तणावपूर्ण आहे, पण नियंत्रणात आहे." कचौडीत मीठ कमी पडलं तर विश्वसनीय सूत्रांकडून कळायचं! चिडचिड व्हायची हो माझी, म्हणायचेही मी, हिंदी पेपरानं तुमचं काय घोडं मारलंय... पण खरं सांगू? इतका खूश माणूस मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता.

आणि मग तो मेला शब्द आला. अलेज्ड. रोज पेपरात, रोज! अलेज्ड नेता, अलेज्ड ठेकेदार, अलेज्ड बाबा. यांनी संगत बघितली. मला म्हणाले, "बघ, साध्या भाजीवाल्याच्या नावाआधी कधी लागतो का? नाही. मोठ्या माणसांनाच लागतो. म्हणजे मानाचा शब्द आहे, आपल्या श्रीमानसारखा." मला काय कळतंय, मी म्हटलं असेल. गुड्डन तेव्हा नोकरीसाठी दिल्लीला गेलेली, नाहीतर तिनं बघितलं असतं. पत्रिका यांनी स्वतः लिहिली, एकट्यानं. प्रेसवाला मुन्ने म्हणतो कसा, "शब्द वजनदार आहे चाचा, सोनेरी शाईत घेऊ." घेतला मेल्यानं सोनेरी शाईत!

पत्रिका दिल्लीत पोचली आणि विहीणबाईंचा फोन. आवाज असा थंड, की मला वाटलं कोणी गेलं. "दीक्षितजी, आमच्या यांची डॉक्टरकी खरी आहे की नाही हे तपासायचं असेल, तर दवाखान्यात येऊन प्रमाणपत्र बघा. पत्रिकेत कशाला छापलंत?" आणि फक्त डॉक्टर नाही हो, यांनी कोणाला वगळलंच नव्हतं! त्या शब्दाचा अर्थ म्हणे, 'असं म्हणतात बुवा, खरंखोटं देव जाणे'. म्हणजे आमची गुड्डन, जी यांची मुलगी आहे असं म्हणतात. नवऱ्यामुलाचे आजोबा, जे वारले असं म्हणतात!

लग्न मोडायलाच आलं होतं. जावयालाच हसू आलं म्हणून वाचलं. मी तणतणत त्रिपाठी सरांकडे गेले, तर ते म्हणतात, "संगत त्यांनी बरोबर ओळखली होती, त्या संगतीतली आरोपी माणसंच ओळखली नाहीत."

लग्नात इंग्रजीत चार शब्द बोलायचे म्हणून यांनी किती दिवस आरशासमोर तयारी केली होती. आदल्या संध्याकाळी गुड्डन मेंदीचे हात वर धरून आली आणि म्हणाली, "पप्पा, उद्या तुम्ही काही बोलू नका, प्लीज." रागानं नाही हो, अगदी मायेनं म्हणाली. हे बरं म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी दारात वरात आली, व्याह्यांनी एकमेकांना हार घालायची वेळ झाली, तर तिकडचा कोणी काका ओरडला, "अरे, ते अलेज्ड वडील कुठेयत?" मांडव खदाखदा हसला. यांनी हार घातला. विदाईला गुड्डन गळ्यात पडून हमसाहमशी रडली, तरी हे गप्प. इंग्रजीत नको म्हणाली होती ती, यांनी हिंदीतही तोंड उघडलं नाही! काय घोडं मारलं होतं हो त्या हिंदी पेपरानं?

आता घरात कुठलाच पेपर येत नाही. जावई चांगला आहे, बोल लावणार नाही मी. दिवाळीला येतो, यांच्याजवळ बसतो, आणि यांना समजावं म्हणून हिंदीत बोलतो, पण कसं? हळूहळू, एकेक शब्द सुटा करून, मोठ्यानं, तान्ह्या पोराशी बोलावं तसं... "पापाजी... खाना... खा... लिया?" जन्मभर हिंदीत बोललेला माणूस, त्याला आता हिंदीही सोपी करून वाढतात! आणि हे मान खाली घालून काय म्हणतात, ठाऊक आहे?

"थँक्यू."

एवढे भारी भारी शब्द शिकले, त्यातला एक राहिला नाही वहिनी. राहिला तो हा. आणि पेपरात तर कोणी कोणाला थँक्यू म्हणतच नाही हो.