पडीक शेतातला भात

मीटिंगीचं काय विचारताय गं बायांनो! आमच्या नगरपंचायतीत हात आधी वर होतात, कशाला केलते ते मागनं विचारतात. गेल्या साली असेच सगळ्या मेंबरांनी हात वर केले आणि माझं भाताचं शेत नकाशात पडीक ठरवलं. पडीक ठरलं की तिथं प्लॉट पडणार.

मी त्या मीटिंगीतच उभी राहून म्हटलं, "एकदा येऊन तरी बघा रं!"

आले आमचे नगराध्यक्ष आप्पा, पांढरी इस्त्रीची पँट घालून. आमची रोपलावण चाललेली. बांधावरनं घसरले ते थेट गुडघाभर चिखलात.

"आज्जी, हात दे गं!"

"देते की. पण आमच्यात चिखलात उतरलेल्याला रोपाची एक जुडी लावल्याबिगार वर घेत न्हाईत."

बायका हसाय लागल्या. आप्पांनी वाकून जुडी लावली, आणि लई सरळ लावली.

पुढच्या मीटिंगीत पंचायतीच्या साहेबानं पक्क्या मंजुरीसाठी परत तोच नकाशा काढला. हात वर व्हायच्या आधीच आप्पा टेबल बडवून उठले, "पडीक कसं? तिथं मी सोता भात लावलाय!"