बेचाळीस बिऱ्हाडांचा रेडिओ

— मग तुम्हीच सांगा विद्याधरराव, विश्वास ठेवायचा तरी कोणावर? अंधेरीच्या त्या काचेच्या दुकानावर, की बोरिवली स्टेशनाबाहेरच्या ह्या काशीरामच्या खोपटावर? बसा हो, स्टूल हलतं, पण अजून कोणाला पाडलेलं नाही. तिकडे पंखा आहे, टाय लावलेला सेल्समन आहे, थंडगार सोडा पाजतात — आणि तो सोडा कोणाच्या खिशातून? गिऱ्हाइकाच्याच! म्हणून तर रेडिओ दोनशे चाळीस. आत काय? तेच पाच व्हॉल्व्ह, तोच भोंगा — लॅमिंग्टन रोडच्या एकाच दुकानातून घेतो आम्ही दोघं. माझा एकशे नव्वद. कसा परवडतो? अहो, पेटी चहाच्या खोक्यांची, वरून पॉलिश मारलं की शिसवी म्हणून खपते, जोडणी माझ्या हातची, आणि जाहिरात? तुमची चाळ हीच माझी जाहिरात! कांदिवलीत बेचाळीस बिऱ्हाडांनी वर्गणी काढली, तुमच्या हाती दिली, रेडिओ गॅलरीत मांडला, बुधवारी संध्याकाळी रेडिओ सिलोन लागलं — पुढे काय होणार? भांडणं होणार! ह्याला भजन हवं, तिला सिनेमाची गाणी, आणि मग एकेक जण गुपचूप माझ्याकडे येणार, स्वतःचा रेडिओ घ्यायला. म्हणून पहिल्यावर मी कमवत नाही. खरं सांगू? उलट दहा रुपये पदरचे घालतो. बाहेर बोलू नका हां.

काय? पावती? देतो की. कितीची म्हणालात — दोनशे चाळीसची?

अस्सं. म्हणजे अंधेरीवाला तुम्हाला पंचवीस काढून देतो, आणि माझ्याकडून पन्नास सुटतील असा तुमचा हिशेब. वा! मी इथे खोकी घासघासून बेचाळीस घरांना स्वस्त पडायला बघतोय, आणि तो शहाणा एकाच माणसाला स्वस्त पडतो! मानलं बुवा त्याला. — नाही नाही, उठू नका, रागावलो नाही मी. मला कळतं ना. लालबागला आमच्या मंडळाचा चिटणीस होतो मी. गणपतीसाठी तबकड्या वाजवायचा फोनो घेतला, पावती वाढवून आणली, बारा रुपये सुटले. कोणी विचारलं नाही हो, कोण्णी नाही! पण फोनो लागला की रुक्मिणी, आमची मंडळी, माझ्याकडे बघायची. बोलायची नाही, नुसती बघायची. दोन गणपती काढले तसे, मग बिऱ्हाडच हलवलं. लोकांना सांगतो, बोरिवलीची हवा चांगली — छे, हे कशाला काढलं मी तुमच्यापुढे?

हे बघा, तीन आठवड्यांत एक सेट हललेला नाही. तुम्ही गेलात तर ह्या गाळ्याचं भाडं कुठून भरायचं, मला ठाऊक नाही. तरी पावती एकशे नव्वदचीच. नको असेल तर अंधेरीची गाडी आहे आत्ता — अजून पोचाल.

बसताय? बरं.

ही पावती. हे तुमच्या दोनशे चाळीसमधले परतीचे पन्नास, मोजून घ्या. आणि विद्याधरराव, चाळीच्या वहीत हे पन्नास जमेला धरा, जसेच्या तसे. तेवढं खरं लिहा. — उचला आता पेटी, खालून धरा. या.